टीपीएचचा आकडा अडकला? कल्चरचं दुसरं पिंप मागवण्याआधी हे तपासा

लक्षण बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. डिझेल सांडलेली माती उकरून लायनरवर (खाली अंथरलेल्या जाड प्लास्टिकवर) ढीग लावला, जिवाणूंचं कल्चर शिंपडलं, युरिया टाकला, वर ताडपत्री ओढली. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत टीपीएच, म्हणजे मातीतलं एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, किलोला १२,००० मिलिग्रॅमवरून ६,००० वर येतं. पुढच्या अहवालात ५,८००. त्याच्या पुढच्यात ६,१००. मग कोणीतरी म्हणतं, जिवाणू मेले, नवीन कल्चर टाका. ते टाकलं की पंधरा दिवस आकडा थोडा हलतो आणि पुन्हा तिथेच बसतो.

ती पंधरा दिवसांची हालचाल बहुतेक वेळा कल्चरची नसते. कल्चर मिसळण्यासाठी ढीग उलटला, त्याने आत हवा गेली, ढेकळं फुटली, पाणी पसरलं. फरक पडतो तो त्याचा. तेल खाणारे जिवाणू तेलकट मातीत जवळजवळ नेहमीच असतात. कमी पडतं ते त्यांना लागणारं काहीतरी, किंवा मग आकडाच खोटा असतो. खाली तपासण्याचा जो क्रम दिला आहे तो खर्चाच्या हिशेबाने आहे, स्वस्त ते आधी. पेट्रोल पंप, डिझेल डेपो, जनरेटर खोली, क्रशर, गॅरेज अशा जागांची माती आणि विशेषतः दख्खनची काळी माती डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. पेट्रोलच्या मातीला वाफांचा आणि आगीचा प्रश्न वेगळा असतो. तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

अडकलेल्या ढिगांपैकी बरेच ढीग प्रत्यक्षात अडकलेले नसतात, आणि उतरलेल्या ढिगांपैकी काही उतरलेले नसतात. चार गोष्टी पाहा.

पहिली, सुरुवातीचा नमुना केव्हा घेतला? माती उकरण्याआधी घेतला असेल आणि नंतर तीत पाचवा हिस्सा भुसा-तूस किंवा स्वच्छ माती मिसळली असेल, तर कुणी काही खाल्लं नाही तरी आकडा खाली येतो. डिझेलचा हलका भाग उकरताना उडूनही जातो. शून्य दिवसाचा नमुना सगळं मिसळून झाल्यावरचाच धरा.

दुसरी, अहवाल कोरड्या वजनावर आहे की ओल्या? कोरड्या वजनावर ६,००० असलेली माती ओल्या वजनावर १० टक्के ओलीला ५,४०० दिसते आणि २५ टक्के ओलीला ४,५००. पावसाळ्यात ‘उतरलेला’ आकडा हिवाळ्यात ‘चढतो’ तो असा. अहवालावर लिहिलेलं नसेल तर प्रयोगशाळेला विचारा आणि जुने अहवालही त्याच मापाने बदलून घ्या.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त फसवते. ढिगात शेणखत, कंपोस्ट किंवा ताजा बगॅस (उसाचं चिपाड) घातला असेल, तर त्यातले मेण, स्निग्धाम्लं आणि रंगद्रव्यं हेक्झेनमध्ये, म्हणजे प्रयोगशाळा मातीतलं तेल ज्या द्रावकाने काढते त्यात, उतरतात आणि टीपीएचमध्ये मोजली जातात. वजनी पद्धतीने काढलेलं ‘तेल व ग्रीस’ असेल तर आणखीच. जिवाणूंनी अर्धवट मोडलेल्या तेलातून जी ऑक्सिजनयुक्त संयुगं होतात, तीही त्यात येतात. म्हणजे काम होत असतं आणि कागदावर दिसत नाही. प्रयोगशाळेला सांगा: जीसी-एफआयडीने (संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र) सी-१० ते सी-४० पट्टा, म्हणजे १० ते ४० कार्बनांचे रेणू, सिलिका जेलने अर्क साफ करून एकदा आणि साफ न करता एकदा. दोन्हींत मोठी तफावत आली, तर तुमचा ‘अडकलेला’ आकडा बराचसा डिझेलचा नाही. तेच शेणखत त्याच प्रमाणात मिसळलेल्या स्वच्छ मातीचा एक नमुना सोबत पाठवला, तर वादच उरत नाही. मात्र ती अर्धवट मोडलेली संयुगं निरुपद्रवी आहेत असं समजू नका. ती पाण्यात जास्त विरघळतात. म्हणून दोन्ही आकडे नोंदवा.

चौथी, नमुना कसा घेता? ढिगाच्या कडेवरून एक बाटली भरून आणली तर ती फक्त कडेची गोष्ट सांगते. १०० टनांच्या ढिगाचे किमान चार कप्पे पाडा. प्रत्येक कप्प्यात सहा जागी, वीतभर आणि मीटरभर अशा दोन खोलींवरून माती घ्या, घमेल्यात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत पाव-अर्धा किलोपर्यंत आणा. काचेची बाटली, टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण, तोंडापर्यंत भरलेली, बर्फाच्या पेटीत. अर्क १४ दिवसांच्या आत निघायला हवा. चाळून ढेकळं बाजूला टाकू नका. खरा प्रश्न अनेकदा ढेकळांच्या पोटातच असतो. मुठीएवढं ढेकूळ फोडा, बाहेरचा एक सेंटिमीटर वेगळा काढा, गाभा वेगळा, आणि दोन्ही तपासून घ्या. बाहेर १,५०० आणि आत ९,००० आलं की निदान झालं: हवा आत पोचत नाही.

हवा

इथे थोडा हिशेब करावाच लागतो, कारण तो केला की ढीग नुसता उलटत राहण्याचा मोह सुटतो.

एक किलो डिझेल पूर्ण जाळायला जिवाणूंना साधारण ३.५ किलो ऑक्सिजन लागतो. कोरडी माती १०० टन, टीपीएच किलोला १२,००० मिलिग्रॅम, म्हणजे ढिगात १,२०० किलो हायड्रोकार्बन. लागणारा ऑक्सिजन ४,२०० किलो. उन्हाळी हवेच्या एका घनमीटरमध्ये ०.२७ किलोच्या आसपास ऑक्सिजन असतो, म्हणजे त्यातला कण न् कण वापरला गेला असं धरलं तरी १५,५०० घनमीटर हवा हवी.

आता ढीग उलटल्याने किती मिळते ते बघा. १०० टन मातीचं आकारमान ८० घनमीटर, त्यात हवेच्या पोकळ्या पाव हिस्सा, म्हणजे २० घनमीटर. एकदा पूर्ण उलटला आणि सगळी शिळी हवा बदलली, तर ५.४ किलो ऑक्सिजन आत गेला. त्यात डिझेल जळतं दीड किलो. १,२०० किलोंपैकी दीड! पृष्ठभागातून आपोआप शिरणारी हवा वेगळी. पण ओल्या चिकणमातीत ती वीतभर थरापुढे फारशी जात नाही. दीड मीटर उंचीचा ढीग आठवड्याला एकदा जेसीबीने उलटून साफ होत नाही. पहिल्या दोन महिन्यांत जी घट दिसते ती वाफ, वरचा थर आणि साचलेली हवा यांची, आणि त्या तिन्ही संपल्या की आकडा बसतो.

ऑक्सिजन मोजल्याशिवाय यावर वाद घालू नका. अर्ध्या इंची पाइपचं टोक बुच मारून बंद करा, शेवटच्या १५ सेंटिमीटरला बारीक भोकं पाडा, वर नायलॉन जाळी गुंडाळा आणि ढिगाच्या मध्यात ४० सेंटिमीटर व एक मीटर खोल असे दोन-दोन बसवा. वरचं तोंड नळी आणि चिमट्याने बंद. हातातल्या गॅस मीटरने हवा ओढून वाचा. ५ टक्क्यांखाली ऑक्सिजन म्हणजे ढीग उपाशी आहे. १ टक्क्याखाली, सोबत नालीसारखा वास आणि मातीवर निळसर-करडी झाक म्हणजे ऑक्सिजनवर जगणाऱ्यांचं काम थांबलेलं आहे. ऑक्सिजन १८-२० टक्के असूनही आकडा हलत नसेल तर हवेचा प्रश्न नाही. कोणी श्वासच घेत नाही. तेव्हा हा भाग सोडून ओलीकडे जा.

ब्लोअर असलेल्या ढिगावर श्वसनाची चाचणी करा. ब्लोअर बंद करा आणि ऑक्सिजन ०, २, ४, ८ आणि २४ तासांनी वाचा. वर धरलेल्या पोकळ्यांच्या हिशेबाने दिवसाला १ टक्का घट म्हणजे किलो मातीमागे सुमारे पाऊण मिलिग्रॅम डिझेल दिवसाला. काम जोरात चालू असताना ऑक्सिजन चार-सहा तासांत २० वरून १० वर येतो. २४ तासांत एखाददुसरा टक्काच उतरला, तर जिवाणूंना हवा पुरेशी आहे, दुसरं काहीतरी नाही. शेणखत स्वतःही ऑक्सिजन खातं. म्हणून तेच मिसळलेल्या स्वच्छ मातीचा छोटा ढीग तुलनेला ठेवा.

उपाय दोनच आहेत. जागा असेल तर माती पसरा: २५ सेंटिमीटरचा थर, ८० घनमीटरला ३२० चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन गुंठ्यांच्या आत-बाहेर, खाली एक ते दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई लायनर, त्यावर ते फाटू नये म्हणून वाळूचा थर, चारी बाजूंनी बांध. आठवड्यातून एकदा पॉवर टिलर. टिलरची पाती लायनरला लागणार नाहीत अशी खोली बांधून घ्या.

जागा नसेल तर पाइप घाला. ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, दर १५ सेंटिमीटरला ५-६ मिलिमीटरची भोकं, भोवती बारीक खडी आणि जाळी. काळ्या मातीत दोन पाइपांमधलं अंतर दीड मीटरपेक्षा जास्त ठेवू नका. ढिगाच्या कडेपासून आतला पहिला मीटर बिनभोकांचा हवा, नाहीतर हवा जवळच्या कडेतून निसटते आणि मध्य कोरा राहतो. वरच्या हिशेबाने १२० दिवसांत किमान १३० घनमीटर हवा रोज लागते. सगळी हवा वापरली जात नाही, म्हणून चार-पाच पट धरून तासाला २५ घनमीटरचा छोटा ब्लोअर पुरतो. हवा ओढून घेणारी मांडणी बरी, कारण वाफा एका जागी येतात आणि त्या कोळशाच्या गाळणीतून सोडता येतात. ब्लोअरच्या आधी पाणी अडवणारं पिंप मात्र हवंच. फार मोठा ब्लोअर लावण्याने फायदा नाही, ढीग वाळतो.

आणि एवढं करूनही माती चिकट, सलग असेल तर हवा भेगांमधूनच धावेल. अशा मातीत पोकळी करायला भाताचं तूस किंवा लाकडाच्या चिपा आकारमानाने १५-२० टक्के घाला. बगॅस स्वस्त मिळतो, पण त्याची किंमत नत्रात मोजावी लागते, ते पुढे.

ओल: शब्द एकच, वाफसा

जिवाणू पाण्याच्या पापुद्र्यात जगतात आणि पोकळ्या हवेसाठी मोकळ्या लागतात. ही दोन्ही जिथे जमतात ती अवस्था शेतकऱ्याला नेमकी माहीत असते: वाफसा. मुठीत दाबली की गोळा व्हावा, टिचकी मारली की फुटावा, हाताला चिखल लागू नये. आकड्यात, माती धरून ठेवू शकते त्या पाण्याच्या ६० ते ७० टक्के.

ते धरून ठेवायचं पाणी असं काढा. तळाला भोकं पाडलेल्या डब्यात फडकं घालून माती भरा, खालून भिजवा, झाकून २४ तास निथळू द्या. मग १०० ग्रॅम तोला, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. कोरड्या वजनामागे ३५ टक्के पाणी निघालं, तर ढिगात २१ ते २४ टक्के ठेवायचं. मुरमाड मातीत हाच आकडा निम्म्याच्या आसपास येतो, म्हणून दुसऱ्याच्या साइटवरचा टक्का उचलू नका.

इथे दोन चुका होतात. उन्हाळ्यात तेलकट माती एकदा पूर्ण वाळली की पाणी घेत नाही. वरून पाइप मारला तर पाणी मोत्यासारखं ओघळून कडेने निघून जातं आणि खाली लायनरवर साचतं. ओली दिसणारी माती आत भुगा असते. अशी माती पसरून, झारीने थोडं-थोडं पाणी देत, टिलर फिरवत दोन-तीन दिवसांत ओलवावी लागते. डिटर्जंटची पावडर टाकून पाणी शिरवण्याचा शॉर्टकट नको: जिवाणू तेल सोडून साबण खातात, आणि सुटलेलं तेल निचऱ्यात उतरतं. दुसरी चूक पावसाळ्यातली. ताडपत्रीच्या सांध्यातून पाणी गेलं की काळी माती फुगते, पोकळ्या मिटतात. अशा चिखलात टिलर घातला तर कणरचना मोडते, आणि वाळल्यावर जी ढेकळं होतात ती वर सांगितलेली, पोटात तेल धरून बसणारी. वाफसा येईपर्यंत थांबा. दोन आठवडे गेलेले परवडतात, ती ढेकळं परवडत नाहीत.

मे महिन्यात उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ५० अंशांच्या पुढे जातो. तेल खाणाऱ्या बहुतेक जिवाणूंना २५ ते ३५ सुखाचं आणि ४५ च्या पुढे अवघड. काळ्या प्लास्टिकऐवजी शेडनेट किंवा पांढरी ताडपत्री वापरा.

नत्र आणि स्फुरद: कमीही मारतं, एकदम जास्तही

१,२०० किलो डिझेलमध्ये कार्बन सुमारे १,०२० किलो. कार्बन १००, नत्र ५, स्फुरद ०.५ हे प्रमाण धरलं तर नत्र ५१ किलो आणि स्फुरद ५.१ किलो. स्फुरदासाठी १२:६१:०० हे ठिबकचं खत १९ किलो पुरतं. ते आम्लधर्मी आहे आणि चुनखडीयुक्त काळ्या मातीला ते मानवतं. त्यातून नत्र २.३ किलो येतं. उरलेल्या नत्राला युरिया १०६ किलो.

हे सगळं एका दिवशी टाकलं की काय होतं? ५१ किलो नत्र १०० टनांत म्हणजे किलोला ५१० मिलिग्रॅम. ओल २० टक्के असेल तर मातीतल्या पाण्यात ते लिटरला २,५५० मिलिग्रॅम होतं. पाण्यातलं नत्र लिटरला २,००० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की क्षार वाढून जिवाणूंचं श्वसन मंदावतं. शिवाय काळ्या मातीचा सामू आधीच ८ च्या पुढे. युरिया फुटताना तो आणखी चढतो. सामू ८.४ आणि तापमान ३० अंश असताना अमोनियाकल नत्राचा सुमारे सहावा हिस्सा मुक्त अमोनिया असतो. तो जिवाणूंना विषारी आहे आणि उडूनही जातो. म्हणजे पैसे दिले, जिवाणू दुखावले आणि नत्र हवेत गेलं. ताडपत्री उचलताच डोळे चुरचुरले तर हेच झालेलं आहे.

म्हणून तीन हप्ते करा, एका वेळी किलोला १७० मिलिग्रॅम नत्र, पाण्यात विरघळवून, टिलरच्या फेरीबरोबर आत. युरिया वरून फेकू नका. सामू ८.२ च्या वर असेल तर निम्मं नत्र अमोनियम सल्फेटमधून द्या. त्यात नत्र २१ टक्के, त्यामुळे वजन दुपटीच्या वर लागतं आणि क्षारही वाढतात. दर हप्त्याआधी मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता बघा. ती ४ डेसिसायमन प्रतिमीटरच्या वर असेल तर हप्ता पुढे ढकला. पुढचा हप्ता तारखेवर नको, मोजून द्या: अमोनियम आणि नायट्रेट मिळून किलोला ५० मिलिग्रॅमच्या खाली आलं की.

आता बगॅसची गोष्ट. १०० टन मातीत ५ टन कोरडा बगॅस घातला, तर त्याबरोबर सव्वादोन टन कार्बन आला. डिझेलच्या कार्बनच्या दुप्पट, आणि तो जिवाणूंना सोपा. सगळं नत्र तो ओढून घेतो. युरिया हिशेबाने दिला, तरी महिन्याभरात मोजणीत शून्याच्या जवळ येतो आणि टीपीएच तिथेच अडकतो. भाताच्या तुसात सिलिका जास्त, ते हळू कुजतं; लाकडाच्या चिपा तर शेवटी चाळून पुन्हा वापरता येतात. बगॅस आधीच घातला असेल तर काढू नका, पण नत्र दर पंधरा दिवसांनी मोजा.

मग कल्चर कशासाठी?

पाकिटावरचा आकडा मोठा वाटतो: ग्रॅमला १०० कोटी जिवाणू. १० किलो पावडर १०० टनांत मिसळली की ग्रॅम मातीमागे एक लाख पडतात. जुन्या तेलकट मातीत तेल खाणारे मूळचे जिवाणू ग्रॅमला लाखापासून कोटीपर्यंत असतात, आणि ते तिथल्या सामूला, क्षारांना, उन्हाळ्याला सरावलेले असतात. बाहेरून आलेले त्या गर्दीत फार टिकत नाहीत.

यावर प्रत्यक्ष जमिनीवरचा पुरावा आहे. मार्च १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्झॉन वाल्डीझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा जिवाणूंकडून करून घेतलेली सफाई मुख्यतः खत देऊन झाली. खाणारे तिथलेच होते. १९९० मध्ये त्याच परिसरात दोन विकाऊ जिवाणू-उत्पादनांची किनाऱ्यावर चाचणी झाली आणि नुसत्या खतापेक्षा ठळक फायदा दिसला नाही. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडवलेला, १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पेटंटसाठी गाजलेला स्यूडोमोनस तर तेलगळतीवर कधी सोडलाच गेला नाही. विज्ञान म्हणून ते काम मोठं आहे, पण ढिगाचं कुलूप त्याने उघडत नाही.

कल्चर निरुपयोगी आहे असं मात्र नाही. खोलातून काढलेला निर्जीव मुरूम, जळालेली माती, एकदम ताजी गळती, किंवा रिफायनरीच्या तळाचा दाट गाळ असेल तर सुरुवात लवकर होते. टेरी संस्थेचा ऑइलझॅपर हा मक्याच्या बुरकुंडाच्या भुकटीवर वसवलेला जिवाणूसमूह अशाच तेलगाळासाठी आहे, आणि तोही मशागत, पाणी, खत यांच्यासकटच वापरायचा असतो. आणि प्रदूषक जर असं असेल की ते मोडणारे जिवाणू मोजकेच आहेत, तर नेमका वाण लागतोच. लिंडेनसारख्या एचसीएच गटातल्या कीटकनाशकांसाठी भारतातल्या मातीतून मिळालेला स्फिंगोबियम इंडिकम बी-९०-ए, किंवा क्लोरीनयुक्त द्रावकांसाठी ऑक्सिजनशिवाय काम करणारा डीहॅलोकोकॉइडिस. ही कामं डिझेलच्या ढिगात होत नाहीत. जुन्या ट्रान्स्फॉर्मरचं तेल मिसळल्याची शंका असेल तर पीसीबी (अशा तेलात पूर्वी वापरलेली क्लोरीनयुक्त संयुगं) तपासून घ्या. जास्त क्लोरीन असलेले पीसीबी हवेशीर ढिगात जसेच्या तसे राहतात, आणि अशा मातीला टिलर लावणं म्हणजे धूळ उडवणं.

दोष ओळखणाऱ्या पाच बरण्या

दोन लिटरच्या, रबरी चकतीच्या पाच काचेच्या बरण्या घ्या. प्रत्येकीत ढिगातली २५० ग्रॅम माती.

पहिलीत माती आहे तशी. दुसरीत फक्त पाणी देऊन वाफसा. तिसरीत वाफसा आणि खताचा एक हप्ता. चौथीत तेच, शिवाय कल्चर. पाचवी मारलेली: माती प्रेशर कुकरमध्ये २४ तासांच्या अंतराने तीनदा, प्रत्येक वेळी एक तास, ही तुलनेसाठी. सगळ्यांत ढेकळं सारखीच फोडा. प्रत्येकीत छोट्या कुपीत १ नॉर्मल कॉस्टिक सोडा २० मिलिलिटर ठेवा, झाकण घट्ट, २८ ते ३० अंश, अंधार. दर तीन दिवसांनी कुपी काढा, बेरियम क्लोराइड घाला, फिनॉल्फ्थॅलिनवर आम्लाने मोजा आणि नवी कुपी ठेवताना बरणीला हवा द्या. खर्च झालेला दर मिलिलिटर सोडा म्हणजे २२ मिलिग्रॅम कार्बन डायॉक्साइड. चुनखडीच्या मातीत हा वायू थोडा खड्यांतूनही येतो, म्हणून गॅस मीटर असेल तर ऑक्सिजनची घटही नोंदवा आणि त्यावर जास्त विश्वास ठेवा.

तीन आठवड्यांत चित्र उमटतं. दुसरी पहिलीच्या पुढे गेली तर ओल कमी होती. तिसरी दुसरीच्या पुढे, तर खत. चौथी तिसरीच्या स्पष्ट पुढे असेल तरच कल्चरवर खर्च करा. पहिलीच बरणी जोरात चालली, आणि ढीग मात्र अडकलेला, तर ढिगात हवा नाही. बरणीत माती मोकळी होती एवढाच फरक. आणि पहिल्या चारही बरण्या पाचवीसारख्याच निपचित असतील तर दोन शक्यता उरतात: विष, किंवा उरलंय तेच न मोडणारं.

विषासाठी सामू, विद्युतवाहकता आणि धातू तपासा. जुन्या इंजिन ऑइलमध्ये जस्त असतं, बॅटरीच्या कोपऱ्यातल्या मातीत शिसं आणि आम्ल. टीपीएच किलोला ५०,००० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तेलच जड होतं. कमी दूषित मातीत मिसळून आधी ते खाली आणा.

उरलं ते मोडणारंच नसेल तर

प्रयोगशाळेकडून नुसता आकडा नको, क्रोमॅटोग्रामचं, म्हणजे कोणतं संयुग किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखाचं, चित्र मागा. ताज्या डिझेलमध्ये सरळ साखळ्यांचे कंगव्यासारखे उंच दात दिसतात. जिवाणू ते आधी खातात. प्रिस्टेन आणि फायटेन या फांद्यांच्या साखळ्या मागे राहतात. सी-१७ भागिले प्रिस्टेन, सी-१८ भागिले फायटेन ही गुणोत्तरं सुरुवातीपासून घसरत आली असतील तर काम जिवाणूंनीच केलं आहे. ती तशीच राहून फक्त हलका भाग गेला असेल तर ती घट वाफेची. दात जाऊन खाली गुळगुळीत उंचवटा उरला असेल, तर सोपं संपलं आहे आणि उरलेली वळणदार संयुगं सावकाश जातील. उंचवटा सी-२५ च्या पुढे असेल तर ते डिझेलच नाही, वंगणतेल आहे. गॅरेजच्या मातीत हे फार आढळतं. तिथे चार महिन्यांचं वचन मुळात द्यायला नको होतं.

एक शेवटची खात्री: २० ग्रॅम माती बारीक करून १०० मिलिलिटर खतयुक्त पाण्यात, अर्ध्या लिटरच्या चंचुपात्रात, ३० अंशांवर चार आठवडे सतत हलत ठेवा. हवा, पाणी, खत कशाचीच उणीव नाही. इथे टीपीएच उतरलं तर ढिगाची मांडणी चुकते आहे, मागे जा. इथेही नाही उतरलं तर ढीग कितीही उलटा, तोच आकडा येणार. मग पाण्यात किती उतरतं याची निचरा चाचणी करून पुढचा निर्णय घ्यायचा. महाराष्ट्रात माती साइटबाहेर नेण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलून ती घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत बसते का ते लेखी घ्या.

दोष सापडून तो दूर केल्यावर लगेच नमुना पाठवू नका. पहिले तीन आठवडे फक्त ऑक्सिजनची घट, ओल आणि नत्र लिहीत राहा. श्वसन वाढलं की नाही ते पहिल्या आठवड्यातच कळतं. टीपीएच चौथ्या आठवड्याला, त्याच कप्प्यांतून, त्याच खोलीवरून, त्याच प्रयोगशाळेकडे. एका वेळी एकच बदल करा. हवा, खत आणि कल्चर एकाच दिवशी दिलं आणि आकडा उतरला, तर पुढचा ढीग अडकेल तेव्हा यातलं नेमकं काय करायचं ते कुणालाच माहीत नसेल.